चुरमुरे खाणारी समुद्राची पाखरं

माझं माहेर मालवणच्या अलीकडचं एक लहान गाव. मागचं दार उघडलं की माड, माडांपलीकडे वाळू आणि वाळूपलीकडे समुद्र. लग्न होऊन मी कोल्हापुरात आले ती साठचं दशक संपता संपता. सासर गंगावेशीजवळ. तिथं मागचं दार उघडलं की शेजाऱ्यांची म्हैस. ती माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे बघायची, आणि मग दोघी आपापल्या कामाला लागायचो.

घरात आम्ही चौघं. हे सकाळी डबा घेऊन ऑफिसात जायचे ते दिवेलागणीला परत. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामंजी. तिथल्या बायका बोलताना सरळ पुरुषासारखं बोलतात हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. 'मी देवळात जाऊन आलो,' असं आत्याबाई म्हणाल्या की मी दचकून मामंजींकडे बघायची. आणि पहिल्या आठवड्यात तांबड्या रश्शाचा पहिला भुरका मारल्यावर माझे डोळे असे वाहू लागले, की आत्याबाईंना वाटलं मला माहेरची आठवण आली. तीही आली होती म्हणा.

मामंजी कोर्टातल्या कारकुनीतून नुकतेच रिटायर झाले होते. काम कारकुनीचं असलं तरी आवाज मात्र पुकारा करणाऱ्याचा. घरात बसून त्यांचं डोकं भणाणायचं आणि त्यांचं ऐकून आत्याबाईंचं. शेवटी आत्याबाईंनीच फर्मान काढलं, "रोज सांजचं रंकाळ्यावर जावा. आन हिला बी न्या संगं. दिसभर भिंतीकडं बघत बसती पोरगी." त्या स्वतः गुडघ्यांमुळं येत नसत. नवी सून सासऱ्याबरोबर फिरायला जाते याची गल्लीत थोडी कुजबुज झाली. मामंजींनी ओट्यावरूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "माझी काठी हाय ती. काठी घिऊन फिरायला काय बंदी हाय का?" त्यानंतर कुजबुज थांबली.

रंकाळा मला पहिल्या दिवशीच आवडला. एवढं मोठं पाणी बघून जीव जरा थाऱ्यावर आला. तळ्याच्या काठानं दगडी कठडा, एका अंगाला म्हशी धुणारे गवळी, दुसऱ्या अंगाला भेळेच्या गाड्या. संध्याकाळी तिथं मामंजींचे एक बालमित्र येऊन बसायचे. तरुणपणी ते नावाजलेले पैलवान होते. आता कुस्ती सुटली होती पण खुराक सुटला नव्हता. ते कठड्यावर बसले की उरलेल्यांना जागा कमी पडायची.

दिवाळी झाली, थंडी पडली, आणि एका संध्याकाळी तळ्याच्या मधोमध मला पांढरी पाखरं दिसली. पाण्यावर बसलेली, लाटेबरोबर खालीवर होणारी. मधूनच एखादं उठायचं, पंख ताणून वाऱ्यावर नुसतं तरंगायचं आणि पाण्याला चोच लावून परत वर जायचं. मी कठड्याला धरून उभीच राहिले.

"मामंजी, ही आमच्याकडची पाखरं!"

"कुठली?"

"ती बघा ना, पांढरी. समुद्रावरची. आमच्या मागच्या दारी असतात."

मामंजींनी हात डोळ्यांवर धरून पाहिलं आणि हसले. "अगं, बगळं हायती ती."

"बगळे पाण्यावर बसत नाहीत."

"कोल्हापुरातलं बसत्यात."

पैलवानांनी मान वळवून पाहिलं. "समुद्राची पाखरं घाट चढून हितं कशाला येत्याल, सूनबाई?"

"एष्टीनं आली असत्याल," भेळवाला गाडीमागून म्हणाला, आणि तिघंही खो खो हसले.

मला रडू यायच्या बेतात होतं. नवीन सून, त्यातून रंकाळ्याच्या काठावर तीन पुरुष हसतायत. पण पाखरांनी माझी बाजू सोडली नाही. त्या दिवसापासून ती रोज दिसू लागली आणि मी रोज वाद घालू लागले. मामंजींना वाद हवाच होता. कोर्ट सुटल्यापासून त्यांच्या कानावर धड उलटतपासणी पडली नव्हती.

"बगळ्याचे पाय लांब असतात," मी म्हणायची.

"पाण्यात हायती पाय. तुला दिसलं?"

"बगळ्याची मान लांब असते."

"थंडीनं आत घेतली आसंल."

वाद जिंकायचा म्हणून मी पाखरांकडे नीट बघू लागले, आणि मला खोटं ठरवायचं म्हणून मामंजीही. असं करत करत आम्हा दोघांना त्यांचं खाणं पाठ झालं. सुरुवातीला ती माणसांच्या जवळपास फिरकत नव्हती. तळ्यात भोई जाळं टाकत, त्यांच्या होडीच्या मागं मागं लांबून फिरायची. जाळ्यातून निसटलेला बारका मासा वर आला की उचलायची. मग एक दिवस त्यांना म्हशींचा शोध लागला. म्हैस पाण्यात शिरली की तळचा गाळ ढवळतो, बारीकसारीक जीव वर येतात. दुसऱ्या आठवड्यात बघावं तर प्रत्येक म्हशीच्या मागं पाखरांचा एक घोळका. म्हैस निघाली की घोळकाही निघाला. मामंजी म्हणाले, "बघ, म्हशीच्या मागं कोण असतंय? बगळा!" त्या दिवशी मी हरले.

खरी गंमत चुरमुऱ्यांची. लोक भेळ खाऊन उरलेले चुरमुरे घाटाच्या पायरीवरून माशांना टाकायचे. मासे तोंडं वर काढून झुंबड करायचे. आधी पाखरं आली ती या माशांसाठी. मग एका पोरसवदा पाखरानं, अंगावर तपकिरी ठिपके असलेल्या, मासा सोडून चुरमुराच उचलला. लगेच टाकला. परत उचलला, पाण्यात बुडवला, आणि गिळला. मी आणि मामंजी श्वास रोखून बघत होतो.

"खाल्ला गं!" मामंजी ओरडले.

चार-आठ दिवसांत सगळा थवा चुरमुऱ्यावर आला. मासे बिचारे खाली राहिले. रविवारी गर्दी असायची तेव्हा पाखरं पार पायरीपाशी. सोमवारी काठावर कुणी नसलं की तळ्याच्या मध्यावर रुसल्यासारखी बसून राहायची. भेळवाला जाताना डबा उलटा करून त्याच्यावर थाप मारी, तळचा चुरा झाडायला. ती थाप ऐकली की पलीकडच्या काठाची पाखरंसुद्धा उठून यायची. भेळवाल्याला त्याचा भारी अभिमान. ओळखीचं कुणी आलं की विनाकारण डबा वाजवून दाखवायचा, आणि पाखरं येऊन रिकाम्या चोचीनं परत गेली की आम्हालाच वाईट वाटायचं.

एकदा मामंजींनी घरून भडंग आणलं. आत्याबाईंचं भडंग म्हणजे लसूण आणि चटणी यांच्यात मधूनच चुरमुरा सापडायचा. मी म्हटलं, "मामंजी, नको, मरतील बिचारी." त्यांनी मूठभर हवेत उडवलंच. पाखरांनी ते वरच्या वर झेललं, गिळलं आणि आणखी मागायला माना वर केल्या. एकाही पाखराला ठसका लागला नाही.

मामंजी माझ्याकडे वळले. चेहरा न्यायाधीशासारखा. "आता बोल. कोकणातलं पाखरू आसतं तर डोळ्यांतनं पाणी आलं आसतं का न्हाय?"

पैलवानांनी मांडीवर थाप मारली. मला रश्शाचा भुरका आठवला आणि मीही हसले. कोल्हापुरात आल्यापासून एवढं मोठ्यानं मी पहिल्यांदाच हसले असेन.

निकाल लागला तो पैलवानांमुळं. त्यांनी एका संध्याकाळी भजी घेतली होती, गरम, पुडीतून वाफ निघत होती. एक भजं उचलून ते काही सांगत होते. कुठल्याशा मैदानात समोरच्या मल्लाला आपल्या मनगटाला हातसुद्धा कसा लावू दिला नाही, असं काहीतरी. सांगताना हात हवेत. तेवढ्यात वरून एक पांढरं काहीतरी आलं, फडफड झाली आणि हात रिकामा.

पैलवान आपल्या बोटांकडे बघत राहिले. "आयला," ते हळूच म्हणाले, "नेलं की."

पाखरू दूर पाण्यावर जाऊन भजं गिळू बघत होतं. भाजलं असावं, कारण सोडून परत धरत होतं. बाकीची त्याच्या मागं लागली. मामंजींना हसू इतकं अनावर झालं की ते कठड्यावरून खाली सरकून फरशीवर बसले, टोपी पडली, डोळे पुसता पुसता धोतराचा सोगा भिजला. भेळवाला पाणी घेऊन धावला. पैलवान मात्र गंभीर होते. "डाव चांगला हुता," ते म्हणाले. "पट काढला त्यानं."

हसू ओसरल्यावर मामंजींनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, "सूनबाई, बगळा न्हवं ह्यो. बगळा सज्जन असतोय. तासभर एका पायावर हुबा ऱ्हाईल पण दुसऱ्याच्या हातातलं घेणार न्हाय." थोडं थांबून, जड अंतःकरणानं, "तुमच्याकडचीच हायती."

हे कौतुक होतं की अपमान, ते मी विचारलं नाही.

पण आता मामंजींना चैन पडेना. ही पाखरं त्यांच्या मूळ गावी कशी वागतात हे बघायलाच हवं होतं. एव्हाना उन्हाळा होऊन पाखरं गेली होती. पुढच्या थंडीत माझ्या भावाचं लग्न ठरलं आणि मामंजींना सबब मिळाली. हे आणि आत्याबाई लग्नाच्या आदल्या दिवशी येणार. मामंजी मात्र मला पोचवायला म्हणून आठवडाभर आधीच निघाले. आत्याबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "व्याह्याच्या घरात आठ दिस जाऊन बसणार? लोक काय म्हंत्याल?" मामंजी म्हणाले, "मी व्याह्याकडं न्हाई चाललो. पाखरांकडं चाललोय." पिशवीत त्यांनी भरपूर चुरमुरे घेतले होते. त्यांनी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. कोल्हापूरहून सकाळी निघालं तर दुपारपर्यंत समुद्र दिसतो, पण त्यांना कधी कामच पडलं नव्हतं.

राधानगरीच्या पुढं जंगल लागलं. घाट उतरताना खिडकीची सळई घट्ट धरून बसले. आम्ही निघालो होतो दुपारच्या गाडीनं. घरी पोचेपर्यंत अंधारलं होतं, त्यामुळं समुद्राचा आधी नुसता आवाज ऐकू आला. "ही गाज व्हय?" त्यांनी विचारलं. "रातभर आसंच?" मी म्हटलं, "जन्मभर असंच."

सकाळी मी त्यांना मागच्या दारानं घेऊन गेले. माडांमधून बाहेर पडल्यावर ते थांबले. कोट, टोपी, धोतर, हातात चुरमुऱ्यांची पिशवी. समुद्राबद्दल ते काय म्हणतील याची मी वाट बघत होते, तर बऱ्याच वेळानं म्हणाले, "पलीकडचा काठ दिसत न्हाय." आणि माझ्या खांद्यावर हात टेकून तसेच उभे राहिले. खरंच काठी झाले होते मी त्यांची.

पाखरं होतीच. ओल्या वाळूवर रांगेनं वाऱ्याकडे तोंड करून बसलेली. मामंजी पुढं झाले. मूठभर चुरमुरे उडवले.

एकही हललं नाही.

"ये, ये की!" मामंजींनी साद घातली. त्या आवाजानं दोन पाखरं उडून जरा लांब जाऊन बसली. त्यांनी आणखी चुरमुरे टाकले. वारा होता, चुरमुरे उडून त्यांच्याच कोटावर आले. मग कावळे जमले. मासळीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, "आजोबांनू, काय करतास?" मामंजी तिच्याकडे वळून म्हणाले, "आमच्याकडं हीच पाखरं पळत येत्यात ओ बाई!" तिनं माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. तिला वाटलं असणार, सासरा जरा वेडसर मिळाला पोरीला.

मामंजींना ते फार लागलं. वळणार तेवढ्यात रापणीचं जाळं ओढायला सुरुवात झाली. माणसं दोन्ही दोरांना लागली, जाळं हळूहळू काठाकडे येऊ लागलं, आणि ती ढिम्म बसलेली पाखरं एकदम उठली. पाण्यावर गलका. जाळ्याच्या कडेनं उसळणारे मासे ती वरच्या वर टिपत होती, एकमेकांच्या तोंडातले काढून घेत होती. पैलवानांचं भजं नेलं तसंच, अगदी तोच डाव.

"आरं! हितं शिकून येत्यात व्हय!" मामंजी ओरडले, आणि मला काही कळायच्या आत कोट वाळूवर टाकून, धोतर वर खोचून दोराला लागले. जवळून पाखरं बघायची होती, एवढंच. पण दोराला हात लावला की ओढावं लागतं. ते ओढत होते, ओरडत होते, पाखरांना सूचना देत होते, आणि कोळी त्यांच्या आवाजावर ताल धरून ओढत होते. असा हाकारा त्यांना कधी मिळाला नव्हता.

आमच्याकडे रापण ओढणाऱ्याला मासळीचा वाटा मिळतो. मामंजी घरी आले ते गुडघ्यापर्यंत भिजलेले, टोपीत बांगडे घेऊन. माझे वडील ओसरीवर उभे. व्याही घरी पाहुणे म्हणून आले आणि पहिल्याच सकाळी रापण ओढून आले, हे बघून त्यांना कुठं तोंड लपवावं कळेना. "अहो, हे काय? आम्ही आणलं असतं की मासे!"

"विकत न्हाईत आणलं," मामंजी ताठ मानेनं म्हणाले. "वाटा हाय माझा."

त्याआधी ते समुद्राची मासळी खात नसत. काटं लई, म्हणायचे. त्या दिवशी आईनं केलेलं तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं त्यांनी काटे काढत काढत संपवलं. आईनं भीत भीत विचारलं, "तिखट झालं नाही ना?" मामंजी म्हणाले, "तिखट कुठं हाय ह्यात?" आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. पुढचे सगळे दिवस ते पहाटेच वाळूवर असायचे. लग्नाच्या मांडवात गावातल्या निम्म्या कोळ्यांनी त्यांना नमस्कार केला आणि आत्याबाईंना काही कळेना, की आपला नवरा इथं एवढा मोठा कधी झाला.

परतीच्या गाडीत ते म्हणाले, "एकच पाखरू. तिथं मासं, हितं चुरमुरं. लाज न्हाय वाटत त्यास्नी."

"का वाटावी? जिथं जे मिळेल ते खायचं."

"तुझ्यागत," ते म्हणाले. "मागं आत्याबाईला म्हणत हुतीस म्हणं, रस्सा फिक्का झालाय."

मी खिडकीबाहेर बघू लागले. म्हटलं होतं खरं.

पुढं बरीच वर्षं थंडी आली की पाखरं यायची आणि आम्ही जायचो. पदरी मुलं आली, तीही यायची. फाल्गुनाच्या सुमारास पाखरांची डोकी तपकिरी व्हायला लागत, जणू कुणी टोपी चढवलीय, आणि मग थोड्याच दिवसांत ती दिसेनाशी होत. पैलवान गेले तो हिवाळा आम्ही कठड्यावर त्यांच्या जागेच्या थोडं बाजूला बसत होतो. काठावर गाड्या वाढल्या. भेळेच्या जोडीला आइस्क्रीम आलं, भाजकी कणसं आली. पाखरांनी कशालाही नाही म्हटलं नाही. आइस्क्रीमचा कोनसुद्धा पळवताना मी पाहिलंय. ऐंशी सालाच्या पुढं मात्र पाणी बिघडलं. नाल्यांचं पाणी तळ्यात येऊ लागलं, एका कडेला जलपर्णी पसरली. पाखरं नाल्याच्या तोंडाशी जमू लागली, तिथं त्यांना बरंच काही मिळत असावं. मला ते बघवत नसे. मामंजींना मी ते सांगितलं नाही. त्यांचं फिरणं तोवर थांबलं होतं. दाराशी आरामखुर्चीत बसून ते माझी वाट बघायचे आणि मी आले की हकिगत विचारायचे.

एका हिवाळ्यात माझ्या मुलीच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई वर्ग घेऊन रंकाळ्यावर आल्या होत्या. मुलांना त्या सांगत होत्या की या पक्ष्याला कुरव म्हणतात, थंडीत तो समुद्रकिनारी आणि मोठ्या तळ्यांवर येतो, आणि त्याची घरटी असतात पार हिमालयापलीकडे, लडाख-तिबेटातल्या उंच तळ्यांच्या काठी. मी मागं उभी राहून ऐकत होते. एवढी वर्षं छातीठोकपणे सांगितलेलं सगळं माझ्या डोळ्यांसमोर तरंगत निघून गेलं.

घरी येऊन मामंजींना सांगितलं. हसण्यानं त्यांचं पोट हलायला लागलं.

"म्हंजे तुझी बी न्हवंत, आन माझी बी न्हवंत."

"नाहीत."

"मग आपुन भांडलो कशापायी एवढं?"

"तुम्ही बगळे म्हणालात म्हणून."

ते खोकेपर्यंत हसले. मी पाठ चोळली. शांत झाल्यावर त्यांनी विचारलं, "तिथं काय खात्यात गं ती?"

"बाईंना विचारलं नाही."

"उद्या विचार."

दुसऱ्या दिवशी मी खरंच शाळेत जाऊन विचारून आले. संध्याकाळी त्यांच्या खुर्चीशी बसून सांगितलं, की तिथं ती किडे, अळ्या आणि मिळतील ते बारके मासे खातात. मामंजींनी डोळे मिटून ते ऐकलं.

"आळ्या खाऊन येत्यात बिचारी, एवढ्या लांबनं," ते म्हणाले. "त्या भेळवाल्याला सांग, जरा शेव जास्ती टाक म्हणावं."